तिसरा क्रमांक

विम्बल्डन म्हटले की मराठी वाचकाला हिरवळीवरचे टेनिस आठवते, आणि त्यात काही गैर नाही. परंतु दक्षिण लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ पासून फुटबॉलचा एक क्लब होता आणि २००२-०३ च्या हंगामात त्याचे दोन झाले. एक कायद्याने विम्बल्डन होता. दुसरा कशाने विम्बल्डन होता, हाच खरा प्रश्न आहे. या हंगामावर इंग्लंडमध्ये पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुधा परीकथेच्या सुरात. आम्हांला त्यातल्या घटना मान्य आहेत, सूर मान्य नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९७७ साली फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळालेला हा लहानसा क्लब नऊ वर्षांत सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९८८ साली वेम्ब्लीवर लिव्हरपूलला १-० असे हरवून एफ. ए. कप घेऊन गेला. पुढल्याच वर्षी हिल्सबरोची दुर्घटना घडली. त्यानंतर वरच्या श्रेणीतल्या क्लबांना सर्व प्रेक्षकांसाठी आसने पुरवणे भाग पडले आणि प्लाऊ लेन हे विम्बल्डनचे जुनाट मैदान त्या निकषात बसेना. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. सोय तात्पुरती होती. पण तात्पुरत्या बिऱ्हाडांचे काय होते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. दरम्यान प्लाऊ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली, २००० साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली उतरला, आणि ऑगस्ट २००१ मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केले की क्लब आता सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात जाणार. फुटबॉल लीगने नकार दिला. प्रकरण अपिलात गेले आणि अखेर तीन सदस्यांच्या एका आयोगापुढे आले. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतरास परवानगी दिली.

त्या निर्णयामागे कारणे नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. क्लब तोट्यात होता, त्याला स्वतःचे मैदान नव्हते, आणि मिल्टन कीन्ससारख्या वाढत्या शहरात लीगमधला एकही क्लब नव्हता. हिशेबाच्या वहीत हे सगळे नीट जुळते. आमचा आक्षेप निकालपत्रातल्या वेगळ्याच शेऱ्याला आहे. समर्थकांनी राखेतून नवा क्लब उभारणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे होणार नाही, अशा आशयाचे मत आयोगाने नोंदवले. मालकाला मालमत्ता हलवू देणे समजू शकते. पण मागे राहिलेल्या माणसांनी पुन्हा खेळ मांडू नये, हे सांगण्याचा अधिकार आयोगाला कोणी दिला?

माणसांनी अर्थात ऐकले नाही. निकालानंतर जेमतेम महिनाभरात, २९ जूनला, विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी झाली. येईल त्याला प्रवेश होता आणि सुमारे २३० जण आले. १० जुलैला ए. एफ. सी. विम्बल्डन या नव्या क्लबाचा पहिला सराव सामना सटन युनायटेडशी झाला. प्रेक्षक साडेचार हजारांहून अधिक, निकाल ०-४. हरलेल्या संघाचे समर्थक त्या संध्याकाळी सर्वांत आनंदी होते, असे म्हणतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला आम्ही तयार आहोत. मग १७ ऑगस्टला सँडहर्स्ट टाउनविरुद्ध पहिला लीग सामना झाला, तो २-१ असा जिंकला. ही कम्बाइंड काउंटीज लीग म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या शिडीची कित्येक पायऱ्या खालची जागा. एरवी जिथे शे-सव्वाशे माणसे येत, तिथे आता हजारोंच्या झुंडी येऊ लागल्या.

त्याच हंगामात सेलहर्स्ट पार्कवर कायदेशीर विम्बल्डन खेळत होता. परवानगी मिळाली तरी मिल्टन कीन्सचे मैदान तयार नव्हते, म्हणून ज्यांना सोडून जायचे त्यांच्याच शहरात आणखी एक वर्ष काढणे त्याच्या नशिबी आले. गंमत अशी की तो संघ वाईट नव्हता. नील शिपर्ली आणि डेव्हिड कॉनली यांनी भरपूर गोल केले आणि संघ दुसऱ्या श्रेणीत दहावा आला. फक्त पाहायला कोणी नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. वर्षअखेरीस खालच्या विम्बल्डनची सरासरी उपस्थिती वरच्या विम्बल्डनपेक्षा अधिक भरली. जून २००३ मध्ये वरच्या क्लबाचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला, सप्टेंबरात तो मिल्टन कीन्सला गेला, आणि २००४ साली त्याने नावही बदलले.

परीकथा इथून उडी मारते ती थेट २०११ वर, म्हणजे पाच बढत्या मिळवून क्लब पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आला तिथे, आणि मग नोव्हेंबर २०२० वर, जेव्हा प्लाऊ लेनवरच, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, नवे मैदान उघडले. या वाटचालीचे मोल आम्ही कमी करत नाही. पण शेवट गोड झाला म्हणून आरंभ योग्य ठरतो, हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. २००२-०३ मध्ये ए. एफ. सी. विम्बल्डनने ४६ सामन्यांत १११ गुण मिळवले आणि तरीही तो तिसरा आला. बढती नाही, चषक नाही. मे २००३ मध्ये सगळे तिथेच संपले असते, तरीही तो हंगाम पुरेसा होता. ज्यांनी वेम्ब्लीवर कप उंचावलेला पाहिला होता, ती माणसे शनिवारी दुपारी कुठल्याशा गावच्या मैदानावर कठड्याला टेकून उभी राहिली, आणि आपला क्लब कुठे गेला हा प्रश्न त्यांना पडेनासा झाला. लीगमधली जागा विकता येते, हलवता येते. ती जागा म्हणजेच क्लब, असे आयोगाने गृहीत धरले, आणि त्या गृहीतकाला उत्तर द्यायला तिसरा क्रमांक पुरला.

आपल्याकडे ‘फ्रँचायझी’ हा शब्द आपण किती सहज स्वीकारला, हे इथे आठवते. २०१९ मध्ये एफ. सी. पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला जाणाऱ्या समर्थकांना दुःख झालेच असणार. पण तो क्लब अवघ्या पाच वर्षांचा होता. मुलाला बापाकडून मिळावा इतका जुना होण्याची सवड त्याला मिळालीच नाही. म्हणून ही तुलना आम्ही फार ताणत नाही.

परीकथेतून वगळली जाणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नवा क्लब त्या हंगामात खेळला तो किंग्जमेडोवर, आणि ते मैदान होते किंग्स्टोनियन या जुन्या क्लबाचे. किंग्स्टोनियन आर्थिक संकटात सापडला होता आणि मैदानाची मालकी त्याच्या हातून निसटली होती. २००३ मध्ये ए. एफ. सी. विम्बल्डनने ते मैदान विकत घेतले. समर्थकांनी वर्गणी काढली, भाग विकले. व्यवहार रीतसर होता, आणि किंग्स्टोनियनला सवलतीत राहूही दिले. पुढे प्लाऊ लेनसाठी पैसा उभा करायचा म्हणून ते मैदान चेल्सीला विकण्यात आले, आणि २०१७ साली किंग्स्टोनियनला तिथून बाहेर पडावे लागले; त्यानंतर तो क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळू लागला.