स्वयंवह यंत्राचा ताळेबंद

धाराशिव जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याला कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास अशा पाळीने येणाऱ्या थ्री-फेज विजेसाठी अंधारात विहिरीवर जावे लागते, आणि डीपी जळाल्यावर दुसरी येईपर्यंत ज्याला सुकणाऱ्या पिकाकडे हताशपणे पाहत राहावे लागते, त्याला कोणी स्वतःच स्वतःला चालविणारे विद्युत्-यंत्र दाखविले असता त्याने त्यावर विश्वास ठेवावा, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. आश्चर्य वाटते ते आम्हा लिहिणाऱ्यांचे. कारण दोन कॉइल, चार कपॅसिटर, एक जुनी मोटार आणि एक पेटलेला दिवा एवढ्या साहित्याचे छायाचित्र हाती पडताच ‘ग्रामीण तरुणाने लावला फुकट विजेचा शोध’ असा मथळा देण्याची जी तत्परता आमच्या अंगी संचारते, तिच्या दशांशानेही आम्ही त्या यंत्राची खातरजमा करीत नाही.

या प्रयोगांच्या मुळाशी बहुधा अनुस्पंदनाचे, म्हणजे रेझोनन्सचे, तत्त्व असते. तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठविते, कपॅसिटर ती विद्युत्-क्षेत्रात साठवितो, आणि दोघांची जोडणी झाली म्हणजे ती ऊर्जा एका ठराविक गतीने एकाकडून दुसऱ्याकडे ये-जा करू लागते. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ख्यात झाले, त्यांनी १८५३ मध्येच या आंदोलनाचे गणित मांडून ठेवले आहे. बाहेरचा पुरवठा नेमका त्याच गतीचा असला आणि वेटोळे चांगले असले, तर वेटोळ्यावरील दाब मूळ दाबाच्या शंभरपटही चढतो. बारा व्होल्ट देऊन बाराशे व्होल्ट दिसतात, आणि त्या आकड्याला प्रवाहाच्या आकड्याने गुणून मोकळा झालेला हौशी प्रयोगकर्ता हर्षाने बेभान होतो. परंतु दाब आणि प्रवाह यांच्या चढउतारांत तेथे जवळजवळ पाव आवर्तनाचे अंतर असते, म्हणून त्या गुणाकाराला खर्ची पडणाऱ्या विजेचा दाखला मानता येत नाही. दोघा भावांनी शंभर रुपयांची एकच नोट दिवसभर एकमेकांना दिली-घेतली, तर उलाढाल हजारोंची दिसेल आणि संध्याकाळी घरात नोट एकच निघेल. येथे तर प्रत्येक खेपेला तारेचा रोध आपली दस्तुरीही कापून घेतो.

हे तत्त्व आपल्या शिवारात मुळीच अपरिचित नाही. शेतीपंपाला कपॅसिटर बसवा, असा आग्रह महावितरण वर्षानुवर्षे धरीत आले आहे, तो याच देवघेवीमुळे: मोटारीला चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह दूरच्या उपकेंद्रातून न येता शेजारच्या कपॅसिटरकडून मिळाला, म्हणजे तारांवरचा आणि डीपीवरचा भार हलका होतो. (हाच कपॅसिटर प्लास्टिकच्या डबीत घालून ‘वीजबिल निम्मे करणारे यंत्र’ म्हणून जो विकतो, तो गिऱ्हाइकाला हे सांगत नाही की घरगुती बिल युनिटांवर आकारले जाते आणि त्या डबीने युनिट घटत नाहीत.) याहून विस्मयकारक प्रकार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात करून पाहता येतो. थ्री-फेज मोटारीला योग्य मापाचे कपॅसिटर जोडून तिचा शाफ्ट डिझेल इंजिनाने फिरविला, की लोखंडात मागे उरलेल्या किंचित चुंबकत्वातून अल्पसा दाब उत्पन्न होतो, त्या दाबाने कपॅसिटरमधून प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाने चुंबकत्व वाढते, आणि लोखंड संपृक्त होईपर्यंत हे चक्र चढत जाऊन, कालपर्यंत वीज खाणारी मोटार आज वीज देऊ लागते. पाहणाऱ्याला शून्यातून सृष्टी झाल्याचा भास होतो. वस्तुतः आपोआप वाढले ते केवळ चुंबकत्व. दिवा पेटविणारी ऊर्जा इंजिनाच्या टाकीतून आली, जशी बालाघाटाच्या माथ्यावरील पवनचक्क्यांत ती वाऱ्यातून येते. इंजिन बंद करा, दिवा विझतो.

या भ्रमाला आपल्याकडे मोठा थोर पूर्वज लाभला आहे. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी एक स्वयंवह यंत्र वर्णिले आहे: हलक्या लाकडाच्या चक्राला समान अंतरावर आणि एकाच दिशेने कललेल्या पोकळ आऱ्या बसवाव्या, त्या निम्म्या पाऱ्याने भरून त्यांची तोंडे बंद करावी, म्हणजे आसावर ठेवलेले चक्र आपण होऊन फिरते. ते फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून दूर सरकतो खरा, परंतु दुसऱ्या बाजूस अधिक पारा जमून तोल साधला जातो. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, आणि ज्या मठाच्या देणग्यांची नोंद १२०७ चा शिलालेख आजही देतो, त्या आचार्यांच्या हाताशी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नव्हता. तो मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८४० च्या दशकात प्रस्थापित केला. आमच्यापाशी ती सबब नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच अखंडगती यंत्रांच्या कैफियती विचारात न घेण्याचा ठराव केला, आणि आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ चा पहिलाच खंड, सुप्रस्थापित निसर्गनियमांशी उघड विसंगत असलेल्या दाव्याला पेटंट नाकारतो.

तथापि हे प्रयोग बंद करावे, असे मी म्हणणार नाही. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि जुन्या सीएफएल दिव्यातून काढलेल्या फेराइटच्या कडीवर गुंडाळलेली दोन वेटोळी एवढ्यावर, भिंतीवरच्या घड्याळाने टाकून दिलेल्या सेलमधून पांढरा एलईडी पेटविता येतो. एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि सेलमध्ये तेवढे नसतात, तरी वेटोळे थेंबाथेंबाने साठवून झटक्याने देते, आणि डोळ्याला ती चमक अखंड भासते. बॅटरीवाचून चालणारे वर्तुळ हवेच असेल तर स्फटिक-रेडिओ आहे: लांब तार, वेटोळे, कपॅसिटर आणि ज्या जातीच्या शोधकाबद्दल, म्हणजे डिटेक्टरबद्दल, जगदीशचंद्र बसूंना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले, तशा गॅलेनाचा खडा. त्यात ऐकू येणारा आवाज आकाशवाणीच्या प्रक्षेपकानेच पाठविलेल्या सामर्थ्यावर चालतो. वीज देणारा कोण, हे ज्या मुलाला या दोन खेळांतून उमगले, त्याला फुकट विजेच्या चित्रफिती सहसा फसवू शकणार नाहीत.

कसोटीही अवघड नाही. बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची लहान बॅटरी घ्या. तिच्यात नाममात्र हिशेबाने ८४ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे एक वॅटचा दिवा ती साडेतीन दिवस पेटता ठेवील, आणि वार्ताहर तर अर्ध्या तासात परततो. शिवाय, भार काढल्यावर बॅटरीचा दाब थोडा वर येतो, त्याला ‘यंत्राने बॅटरी पुन्हा भरली’ असे समजले जाते. आणि तुटक-तुटक वाहणारा प्रवाह साधा मल्टीमीटर सरळ मोजीत नाही. म्हणून जो ‘घेतले त्याहून अधिक दिले’ म्हणतो, त्याने ते अधिकचे परत आत घालावे, बॅटरी सर्वांदेखत सोडवून घ्यावी, आणि दिवा मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत महिनाभर पेटता ठेवावा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाने हा नियम करावा, आणि संपादकांनी तो पुरा होईपर्यंत बातमी दप्तरात ठेवावी. दर तासाला काय आत गेले, काय बाहेर आले आणि किती उष्णतेत वाया गेले, असा स्वहस्ते लिहिलेला जमाखर्च घेऊन जो मुलगा येईल, त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापण्यास माझी मुळीच हरकत नाही, त्याचा दिवा दुसऱ्याच दिवशी विझला असला तरी.