मंजूर पोटगी, मिळालेली पोटगी आणि दाखल्यातला एक आकडा

यंदा संक्रांतीनंतर सांगोला तालुक्यातल्या एका गावातली ताई आमच्याकडे दोन दाखले घेऊन आली. पहिला तिच्या नवऱ्याच्या उत्पन्नाचा, पोटगीच्या खटल्यात त्याने दाखल केलेला : वार्षिक ४८ हजार रुपये. दुसरा तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा : वार्षिक ४५ हजार. नवरा डाळिंबाची पिकअप चालवतो, माल घेऊन पुण्या-नाशकाकडे त्याच्या फेऱ्या असतात. ती दोन लेकरांना घेऊन माहेरी राहते आणि हंगाम असेल तेव्हा दुसऱ्याच्या बागेत खुरपायला, फळ तोडायला जाते. कागदावर दोघांच्या कमाईत फरक फक्त तीन हजारांचा!

तिचे ४५ हजार कुठून आले? मजुरीचे १५ हजार धरले आणि पोटगीचे ३० हजार. न्यायालयाने तिला महिना एक हजार आणि मुलांना प्रत्येकी साडेसातशे, असे मिळून अडीच हजार मंजूर केले आहेत. आदेशाला चौदा महिने झाले. त्यातले दोन महिने पैसे आले, नंतर बंद. "पोटगी लागलीय का, असं विचारलं. मी हो म्हणलं. लागलीच आहे की," ती म्हणाली. तिने खोटे काही सांगितले नव्हते. विचारणाऱ्याने 'मिळते का' हा पुढचा प्रश्न विचारला नाही, एवढेच.

आता हा दाखला तिला कशासाठी हवा होता ते पाहू. तिला 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारसोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी द्यायचा. जो नवरा लेकरांच्या फीला फोन उचलत नाही, तो ओटीपी सांगायला उचलेल काय? ओरड झाल्यावर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विधवांनी मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांनी घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोयही केली. पण टाकलेल्या बाईकडे यातले काहीच नसते. नवरा जिवंत आहे आणि घटस्फोट झालेला नाही. परित्यक्ता हा शब्द आपल्या सरकारी कागदांत कित्येक वर्षे आहे, पण या सोयीत तिच्याकडे देण्यासारखा कागदच धरलेला नव्हता.

तिचे पैसे थांबले. कुणीतरी सांगितले, संजय गांधी निराधारचा अर्ज कर. तिथेही १,५०० रुपयेच आहेत. तिने अर्ज केला, तर उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त! म्हणजे एका योजनेने तिला सांगितले की नवऱ्याला घेऊन ये, आणि दुसरीने सांगितले की नवरा तुला पैसे देतो, तू निराधार नाहीस.

निराधार योजनेचा नियम मात्र असे म्हणत नाही. घटस्फोट झालेल्या किंवा प्रक्रियेत असलेल्या, पोटगी न मिळणाऱ्या किंवा मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या महिला आणि परित्यक्ता या योजनेत बसतात. नियमाचा भर मिळण्यावर आहे, मंजुरीवर नाही. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५०. या ताईची मजुरी आणि प्रत्यक्ष हातात पडलेले पाच हजार धरले तर बेरीज २० हजार होते, ती पात्र ठरते. न मिळालेली पोटगी धरली की ४५ हजार होतात आणि ती बाहेर फेकली जाते. चूक आहे ती एवढीच, पण त्यापायी महिन्याला दीड हजार जातात.

खरे तर या २१ हजारांबद्दलच वेगळे लिहायला हवे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एखाद्या बाईने कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस काम केले तर तिचे ३१,२०० रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशीच ती सरकारच्या हिशोबाने निराधार राहत नाही. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी शिकवली, तिथली ही गत. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरे बोलणारी बाद होते. मग सगळेच दाखले 'बसवून' आणले जातात आणि ज्याची ओळख जास्त त्याचा दाखला चांगला बसतो. आमच्या वस्त्यांतल्या बायकांची ओळख कुठवर, हे सांगायला नको.

नवऱ्याच्या ४८ हजारांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक खटल्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवून दिले. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी, हेही त्यातच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसले पाहिजे. कायदा चांगला आहे. पण पगारपत्रक नसलेल्या माणसाची कमाई मोजायची कशी? पिकअप भावाच्या नावावर, सातबारा बापाच्या नावावर आणि याच्या नावावर फक्त ४८ हजारांचा दाखला. तो खोटा आहे हे सिद्ध करायचे काम बाईवर येते. न्यायालयाने दाखल्यावर पूर्ण विश्वास ठेवला नाही म्हणून अडीच हजार तरी मिळाले. तरी हिशोब सुरू झाला तो त्याच आकड्यापासून.

इथे आणखी एक आकडा शेजारी ठेवावासा वाटतो. राज्य सरकारची बालसंगोपन योजना एकल पालकांच्या पात्र मुलांना महिन्याला प्रत्येकी २,२५० रुपये देते. म्हणजे एका मुलाला किमान किती लागतात याचा सरकारचा स्वतःचा अंदाज २,२५० आहे, आणि बापाने द्यायची वेळ येते तेव्हा तेच मूल ७५० रुपयांत भागवते. बालसंगोपनचा अर्ज या ताईने केलेलाच नव्हता. पोटगी चालू असताना तो करता येतो हे तिला कुणी सांगितले नव्हते.

पोटगी थकली तर वसुली कशी होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. तरतुदी जवळपास त्याच आहेत. थकबाकीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. न्यायालय वॉरंट काढते. तरीही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणजे पैसे फिटले असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. मेख आहे ती मुदतीत : रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताई आली तेव्हा तिच्या पहिल्या थकीत महिन्याचे वर्ष भरायला जेमतेम महिना उरला होता. ती वाट पाहत होती. 'देईल, सणाला देईल' म्हणून.

परदेशात हे काम अनेक ठिकाणी सरकार स्वतः करते. ब्रिटनने १९९३ मध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारली. तिथेही रकमेचे हिशोब चुकले, वसुली रखडली आणि शेवटी ती यंत्रणा बदलावी लागली. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालकांना चुकीने लबाड ठरवले गेले, त्यांत परकीय मुळाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. यंत्रणा तिथल्याही चुकतात. पण चूक यंत्रणेची आहे हे तिथे मोठ्याने म्हटले गेले. आपल्याकडे 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत सरकारी नोकरीविषयीच्या प्रश्नाची रचनाच अशी उलटी होती की कित्येक मोलकरणी आणि शेतमजूर बायका कागदावर सरकारी नोकरदारांच्या घरच्या झाल्या. मग पडताळणी अंगणवाडी सेविकांवर सोपवली गेली. सगळीकडे शब्द मात्र एकच वापरला गेला, 'महिलांनी चुकीचा पर्याय निवडला'.

सरकारवर बोलताना आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. आपल्या समाजात अजून विहारात किंवा कुणाच्या तरी ओट्यावर बैठक बसते, पाच माणसे सोडचिठ्ठी करून टाकतात, स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या होतात. त्यात एक वाक्य हमखास असते, की मुलीकडच्यांचे यापुढे काही मागणे राहिले नाही. हा कागद कायद्याने घटस्फोट नाही. मुलांचा हक्क आईच्या सहीने सुटतही नाही. उलट तोच कागद नवरा न्यायालयात दाखवतो आणि सरकारी टेबलावर तो कुणी घटस्फोट म्हणून धरत नाही. दोन्हीकडून नुकसान बाईचे होते. हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहेत. हे नाव आपल्याला खटकते आणि बौद्ध विवाह कायद्याची मागणी रास्तच आहे. तोवर हाताशी असलेले हक्क सोडून द्यायचे काय? बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते, हे दरवर्षी भाषणात सांगणारे कार्यकर्तेच अशा बैठकीत पंच म्हणून बसलेले आम्ही पाहिले आहेत. सिगालोवाद सुत्तात आईबापांची लेकरांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. वर्षावासात ते सुत्त वाचले जाते. त्याच गावात पोटगी थकवणाऱ्याला जयंतीच्या वर्गणीसाठी मात्र आदराने बोलावले जाते.

मागण्या फार मोठ्या नाहीत. उत्पन्नाच्या चौकशीत पोटगी मंजूर किती आणि गेल्या बारा महिन्यांत मिळाली किती, असे दोन रकाने करावेत आणि दुसराच धरावा. पुरावा म्हणून बँकेचे पासबुक पुरे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) पंचनामा करतातच, त्यात एक ओळ वाढेल. परित्यक्तेसाठी केवायसीत वेगळा पर्याय ठेवावा. निराधारची २१ हजारांची मर्यादा रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी. ही मागणी सांगोल्याची एकट्याची नाही, जिल्ह्याजिल्ह्यातून व्हायला हवी.

आणि ज्यांच्या हातात आज आदेश आहे त्या भगिनींना आमचे सांगणे : पोटगी रोख घेऊ नका, खात्यावरच मागा, म्हणजे आली तरी पुरावा राहतो आणि नाही आली तरी. उत्पन्नाचे विचारले तर 'लागली आहे, मिळत नाही' असे पूर्ण वाक्य सांगा आणि जबाबावर तसेच लिहून घ्या. नवरा पगारदार असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली थेट मालकाला पगारातून रक्कम द्यायला लावता येते. वकिलाची फी नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जातींना तिथे उत्पन्नाची अट नाही, एवढ्या एका ठिकाणी तरी दाखला आडवा येत नाही.

ताईचा वसुली अर्ज मुदतीत दाखल झाला आहे. नव्या पंचनाम्यासाठी पासबुकाची प्रत जोडून अर्ज दिला आहे, बालसंगोपनची कागदपत्रे जमवणे चालू आहे. नवऱ्याची नोटीस मात्र 'पत्त्यावर आढळून आला नाही' असा शेरा मारून परत आली. त्याच आठवड्यात तिच्या धाकट्याने बापाची पिकअप रविवारच्या बाजारात पाहिली होती.