ताप उतरला म्हणजे रोग गेला?

हा लेख लिहिण्याचे निमित्त तसे घरगुतीच आहे. गेल्या भाद्रपदात मला थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासले, हिवताप निघाला. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन दिले आणि प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस न चुकता घेण्यास बजावले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी मी कॉलेजात हजर झालो आणि उरलेल्या गोळ्या टेबलाच्या खणात पडून राहिल्या. पौषात पुन्हा तीच हुडहुडी! मी डासांना दोष देऊ लागलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डासाला उगीच बोल लावू नकोस. हा पाहुणा जुनाच आहे. तो यकृतात झोपला होता. तू त्याला घालवलाच नव्हतास."

व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचा हा स्वभावच आहे. रक्तातील जंतू मेले तरी काही यकृतात दडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. चौदा दिवसांच्या गोळ्या असतात त्या या दडलेल्यांसाठी. या दुखण्यात अंथरुणावर पडल्या पडल्या मी ग्रंथालयातून आणलेले वाचीत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली: जी चूक मी केली, तीच चूक एकदा आपल्या देशाने केली आहे. फरक एवढाच, की माझ्या चुकीपायी माझे एक सत्र बुडाले, देशाच्या चुकीपायी लक्षावधी लोक आजारी पडले.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे ८ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याला एवढे यश आले, की १९५८ साली 'नियंत्रण' हा शब्द पुसून 'निर्मूलन' हा शब्द घालण्यात आला. पद्धत साधी होती. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी भिंतीवर विसावते. तेव्हा भिंतीवरच डीडीटी फवारायचे. गावोगाव फवारणीची पथके फिरली, तापाच्या रुग्णांचे रक्त काचपट्टीवर घेतले गेले. १९६५ साली देशभरात सुमारे १ लाख रुग्णांची नोंद झाली आणि हिवतापाने मृत्यू एकही नोंदला गेला नाही. देशाचा ताप उतरला होता!

आणि येथेच गोळ्या खणात गेल्या. ज्या भागांत रोग संपल्यासारखा दिसला, तेथील देखरेख सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपवण्यात आली. पण ती सेवा तेव्हा पुरेशी उभीच राहिलेली नव्हती. डीडीटी वेळेवर मिळेना. जेथे ते मिळाले, तेथे डासांना त्याची सवय होत चालली होती. शहरे बव्हंशी मोहिमेच्या बाहेरच राहिली होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र योजना आली ती १९७१ साली. १९७३ साली आसामात क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपॅरम जंतू आढळला. १९७६ साली रुग्णांची नोंद ६४ लाखांच्या पुढे गेली. १९७७ साली सुधारित योजना आखावी लागली आणि निर्मूलनाची भाषा बाजूला ठेवून मृत्यू टाळणे व रोग आटोक्यात ठेवणे एवढ्यावर समाधान मानावे लागले.

आपल्याच देशात असे घडले असे नाही. श्रीलंकेत १९६३ साली हिवतापाचे अवघे १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, लक्ष उडाले आणि १९६८-६९ च्या साथीत तेथे ५ लाखांहून अधिक लोक आजारी पडले. मात्र त्या छोट्या देशाने धडा घेतला. नेटाने काम करून २०१६ साली त्याने हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. म्हणजे हे काम अशक्य नाही. ते अर्धवट सोडणे मात्र फार महाग पडते.

आज आपण पुन्हा त्याच वळणावर उभे आहोत, म्हणून हे सारे सांगायचे. २०१५ साली देशात सुमारे ११.७ लाख रुग्णांची नोंद होती. २०२३ साली ती सुमारे २.३ लाखांवर आली. २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. आकडे आनंदाचे आहेत, पण ते नोंदलेल्या रुग्णांचे आहेत हे विसरता कामा नये. ज्याने रक्त तपासलेच नाही तो त्यात नाही. ज्याच्या रक्तात जंतू आहेत पण ताप नाही, तोही त्यात नाही. आणि डास मात्र दोघांनाही चावतो.

महाराष्ट्राकडे पाहावे. रुग्णांचा मोठा वाटा दोन अगदी निराळ्या ठिकाणांहून येतो: गडचिरोली आणि मुंबई. गडचिरोलीत जंगल, ओढे, भातखाचरे. पावसात वाटा बंद. आणि शेताच्या राखणीला माणूस रात्री उघड्यावर झोपलेला. घराची भिंत फवारून त्याचे रक्षण कसे होणार? मुंबईत डास निराळा, त्याच्या सवयी निराळ्या. तो वाढतो झाकण नसलेल्या टाकीत, बांधकामावर साठलेल्या स्वच्छ पाण्यात. इमारत बांधणारा मजूर गावाहून येतो, गावी जातो आणि रोगही त्याच्यासोबत प्रवास करतो. एकच फर्मान दोन्हीकडे लागू करून भागणार नाही.

यावर कोणी म्हणतील, आता लस आली आहे, मग चिंता कशाला? लस आली हे खरे, आणि आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते याचा आपल्याला अभिमानही वाटावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तिची शिफारस केली. परंतु ती फाल्सिपॅरम जातीच्या जंतूवरची आहे, मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी वापरली जाते, आणि मला ज्याने गाठले त्या व्हायवॅक्सवर तिचा उपाय चालत नाही.

दुसरे कोणी म्हणतील, लोकच अडाणी आहेत. फवारणी करू देत नाहीत, केली तर वर सारवण घालतात. मला हे पटत नाही. मातीचे घर सारवल्यावाचून टिकत नाही. सण तोंडावर आला की भिंती लिंपल्या जाणारच. फवारणीने पूर्वी ढेकूणही मरत. पुढे ते मरेनासे झाले, तेव्हा औषधावरचा लोकांचा विश्वास उडाला. यात अडाणीपणा कोणता? भिंत का सारवू नये हे घरच्या बाईला कोणी समजावून सांगितले का? फवारणीची वेळ ठरवताना तिला विचारले का? १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचे मूळ घराघरांतील विहिरींत दाखवले, तेव्हा विहिरी बंद करण्यास धर्मभावनेपोटी विरोध झाला होता. डास कोठे वाढतो हे शास्त्राने सांगितले. माणसाशी कसे बोलावे हा प्रश्न उरलाच.

म्हणूनच हा विषय केवळ विज्ञान शाखेचा आहे असे समजून आपण, कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी, हात झटकू नयेत. रुग्ण घटले की पैसा का आटतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. मजुराचे स्थलांतर हा समाजशास्त्राचा, आणि १९६५ नंतरची दहा वर्षे हा इतिहासाचा. गडचिरोलीतल्या माणसाशी माडिया किंवा गोंडी भाषेत बोलायचे, तर तो भाषेचाही प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रोग शिगेला असताना मोहीम चालवणे सोपे असते. भीतीच माणसाला कामाला लावते. खरी कसोटी रुग्ण कमी झाल्यावर लागते. तेव्हाच आरोग्यसेवकांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत, तेव्हाच तापाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त तपासावे, तेव्हाच शेवटची गोळी घेतली की नाही हे घरी जाऊन पाहावे. सरकारकडे हे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण आधी आपले अंगण पाहू. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा साठलेले पाणी उपसले, टाकीला झाकण घातले, तर त्याची साखळी तुटते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे काम एक दिवस होते, छायाचित्र निघते आणि पुढच्या वर्षापर्यंत टाकी उघडीच राहते. ते दर शनिवारी व्हावे.

या खेपेला मी चौदाही गोळ्या घेतल्या. शेवटचे दहा दिवस मला काहीही होत नव्हते, आणि ते दहा दिवसच सर्वांत अवघड गेले.