रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास कोण मोकळा ठेवणार?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. बातमीत पूल असतो, पाणी असते. त्या दिवशी पलीकडच्या गावात कुणाला मण्यार चावली असेल तर त्याचे पुढे काय झाले, हे नसते.

मण्यार किंवा नागाच्या विषाने स्नायू लुळे पडतात. गिळता येत नाही, लाळ घशात साठते आणि श्वासाची वाट बंद होते. कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतमजुराचेही तेच. तोंडाला फेस, छातीत स्राव. प्राणवायू थांबला तर 4 ते 6 मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. इथे सर्पदंशाची लस लागतेच, पण ती मिळेपर्यंत घसा साफ ठेवायला सक्शन यंत्र लागते.

हे यंत्र हाताने किंवा पायाने दाबून चालणारेही मिळते. बॅटरीचे यंत्र सलग ओढते, हे खरे. पण महिनोन्‌महिने कपाटात पडलेली बॅटरी ऐनवेळी दगा देते. म्हणून दुर्गम उपकेंद्रात हातपंपाचे यंत्र हवेच, असे आमचे मत आहे.

अर्थात नुसते यंत्र देऊन भागत नाही. नळी डोळ्यांना दिसते तेवढीच आत घालायची, एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त ओढायचे नाही; कारण लाळेबरोबर रुग्णाची हवाही जाते. नीट रडणाऱ्या नवजात बाळाला तर सक्शन लावूच नये, तोंड-नाक पुसले तरी पुरते. हे परिचारिकेला आणि आशाताईला कुणी शिकवले का?

राज्यात 108 सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. चांगलेच झाले. पण गाडी रस्ता संपेल तिथे थांबते. तिथून पुढे रुग्ण बाजेवर किंवा झोळीत येतो आणि त्या वाटेवर त्याच्याजवळ काहीच नसते. वेळेवर उपचार न मिळणे हा कलम 21 चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात सांगितले आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात माहितीचा अधिकार वापरावा. अर्जात ‘यंत्र आहे का’ एवढेच विचारू नका. नोंदवहीत ते असतेच. शेवटचे कधी चालवून पाहिले, बाटली आणि नळ्या कधी बदलल्या, वापरायचे प्रशिक्षण किती जणांना दिले, हे विचारा. 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.