गौरीचे पन्हे आणि घरचा गूळ

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघर मुक्काम करते. या महिन्यात सोयीचा एखादा मंगळवार वा शुक्रवार पाहून हळदीकुंकू करावे, दारापुढे चैत्रांगण रेखावे, आलेल्या सवाष्णीची ओटी भिजविलेल्या हरभऱ्यांनी भरावी, कैरीची डाळ द्यावी आणि पन्ह्याचा पेला पुढे करावा, हा आपल्याकडील जुना परिपाठ. त्यांतील केवळ पन्ह्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. कारण या सोहळ्यातील बाकीच्या गोष्टी कमीअधिक प्रमाणात टिकून असल्या, तरी पन्हे मात्र पुष्कळ घरांतून उठून बाटलीत जाऊन बसले आहे. आणि त्याची विशेष खंत कोणाला वाटत असल्याचे दिसत नाही.

तयार पन्ह्याची बाटली आणणाऱ्या गृहिणीवर आमचा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवसभर कचेरीत काम करून सायंकाळी तीस-चाळीस पेल्यांची तयारी करणे म्हणजे काय, हे ती तयारी ज्यांना कधीच करावी लागली नाही त्यांनी तिला शिकवू नये. घरात कैरी उकडावयास, साल काढावयास आणि गूळ चिरावयास आणखी दोन-तीन जोड हात असतात, ते त्या दिवशी कोठे असतात, हा प्रश्न आम्ही प्रथम घरातील पुरुषमंडळींना विचारू. पन्हे करण्यास कौशल्य फारसे लागत नाही. वेळ लागतो, आणि तो वाटून घेता येतो.

मुळात हे पेय या दिवसांत का, हे पाहिले म्हणजे त्याचे घरगुतीपण ध्यानात येते. चैत्रात आंबा पिकलेला नसतो. वारा सुटला, वळीव कोसळला, की झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. कोकणात अशा गळलेल्या रायवळ कैऱ्या पोरे टोपल्या भरभरून घरी आणीत. त्या पिकणार नाहीत आणि बाजारातही त्यांना फारसा भाव नाही. त्यांचे लोणचे घालावे, आंबोशी करावी, नाहीतर पन्हे करावे. जे वाया गेले असते तेच देवीपुढे नैवेद्य म्हणून ठेवण्याची ही सोय ज्या कोणी प्रथम केली, ती बाई मोठी शहाणी असली पाहिजे. पंचांगातील तिथी आणि झाडावरील फळ यांची इतकी सुरेख गाठ फार थोड्या सणांत पडते.

‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ यावरून आला. कर्नाटकात आणि आंध्र-तमिळनाडूत रामनवमीला आजही ‘पानक’ वा ‘पानकम्’ याच नावाने जे पेय वाटतात ते गुळाच्या पाण्यात सुंठ, मिरी आणि वेलदोडा घालून केलेले असते. तेथे कैरी नसली तरी चालते, गूळ मात्र हवाच. आपल्याकडे रामजन्माला सुंठवडा असतो. बंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एकाच पंधरवड्यात दारी पानक आणि घरी पन्हे अशी दोन्ही चुलतभावंडे भेटतात.

येथे एक आक्षेप कोणी काढील, तो आम्हीच काढतो. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त कच्च्या आंब्याच्या प्रपानकाची कृती आहे. कैरी पाण्यात शिजवावी, हाताने चांगली कुस्करावी, थंड पाणी घालावे, आणि वर कापूर व मिरी. हे पेय भीमसेनाने निर्माण केले, अशी मौजेची नोंदही तेथे आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात राबलेल्या बल्लवाला ते श्रेय सहज शोभते. परंतु गोडीसाठी तेथे सांगितली आहे ती ‘सिता’, म्हणजे शुभ्र साखर, गूळ नव्हे. तेव्हा गुळाचेच पन्हे शास्त्रशुद्ध आणि साखरेचे पाखंड, असा आव आणणाऱ्यांना ग्रंथाचा आधार नाही. आम्ही गुळाची बाजू घेतो ती परंपरेच्या धाकाने नव्हे.

खरे तर गुळाच्या पन्ह्याला आपणच एके काळी कमी लेखले. पूर्वी साखर ही श्रीमंतांची, गूळ हा सर्वांचा. पाहुण्याला साखरेचा चहा आणि घरच्यांना गुळाचा, ही रीत ज्यांनी पाहिली आहे असे लोक अजून आहेत. १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि त्यानंतर महाराष्ट्रात उसाच्या मळ्यांबरोबर कारखान्यांची धुराडी वाढत गेली. तरीही पुढे कित्येक वर्षे शिधापत्रिकेवरची साखर जपून सणासाठी ठेवावी लागे. अशा काळात हळदीकुंकवाला साखरेचे, केशराची काडी टाकलेले फिकट पिवळे पन्हे देणे हा ऐपतीचा दाखला होता, आणि गुळाचे तांबूस पन्हे देणारी थोडी ओशाळत असे. आज चक्र उलट फिरले आहे. साखर स्वस्त, घरोघरी मुबलक. आणि शहरांत चौकाचौकांत ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या मोठ्या अभिमानाने झळकत आहेत. गुळाला आता ‘नैसर्गिक’ हे बिरुद लाभले आहे.

या बिरुदानेच आम्हांला थोडे सावध केले आहे. गूळ नैसर्गिक खरा, पण तो गोडच आहे. त्यातील बहुतेक भाग साखरेचाच असतो. त्यात थोडी खनिजे, थोडे लोह उरते, हे मान्य. तथापि मधुमेह असलेल्या माणसाला ‘गुळाचे आहे, चालेल’ म्हणून दोन पेले आग्रहाने पाजणे हे प्रेम नसून अविचार आहे. खजूर किंवा मध घालून केलेल्या पन्ह्याचीही हीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढाला सुमारे २५ ग्रॅम, ठेवता आली तर अधिक चांगले. एका बऱ्यापैकी गोड पन्ह्याच्या पेल्यात २० ग्रॅम गूळ सहज जातो. चहाचे चार चमचे! एका सायंकाळी तीन घरची बोलावणी असली म्हणजे हिशेब काय होतो, तो वाचकांनीच करावा.

मग गुळाचा कैवार कशासाठी? एक तर चवीसाठी. साखर कैरीच्या आंबटपणाला नुसती झाकते. गुळाला स्वतःचा एक खमंगपणा आहे, तो आंबटाशी दोन हात करतो आणि मग दोघांचे जमते. दुसरे असे की, घरी केलेल्या पन्ह्याची गोडी करणाऱ्याच्या हाती असते. बाटलीतील अर्काची गोडी कारखान्यात एकदा ठरली की ठरली, आणि तो अर्क टिकावा म्हणून त्यात साखर भरपूर ठेवावी लागते. घरी मात्र आजोबांच्या पेल्यात गर अधिक, गूळ नावाला आणि जिरे-सैंधव घालता येते. मुलांच्या पेल्यात थोडा हात सैल सोडता येतो. कोणाला काय सोसते हे ज्या घराला ठाऊक आहे, त्याच घराने पेला भरावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

आता कृती. दोन मध्यम, टणक आणि खरोखर आंबट कैऱ्या घ्याव्यात. काही घरांत त्या कच्च्याच किसून पाण्यात पिळतात. त्या पन्ह्याला ताजा, हिरवा वास असतो, पण ते तेव्हाच्या तेव्हा प्यावे लागते. उकडलेल्या कैरीचे पन्हे अधिक दाट व सौम्य होते. उन्हाच्या झळा फार असतात त्या भागांत कैरी निखाऱ्यावर भाजतात, त्याचा धुरकट स्वाद काहींना फार प्रिय असतो. आम्ही उकडण्याच्या पक्षाचे आहोत. कुकरमध्ये, पण पाण्यात न बुडवता भांड्यात ठेवून वाफवावी. निवल्यावर साल काढून गर हाताने कोळावा आणि कोयीला लागलेलाही सोडू नये. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ हे नेहमीचे प्रमाण. कैरी फारच आंबट असेल तर दोन वाट्या, आणि घरात मधुमेही असेल तर सर्वांच्याच सवयीसाठी एक वाटी. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुऱ्हाळातील गुळात उसाची चिपाडे, क्वचित वाळूचे कण असतात आणि ते देवीच्या दातांखालीही येऊ नयेत. गर आणि गूळ एकजीव झाल्यावर वेलदोड्याची पूड आणि मीठ घालावे. मीठ विसरू नये. चिमूटभर मिठाने गोडी खुलते आणि तेवढा गूळ वाचतो. या मिश्रणाचे थंड पाण्यात दहा पेले होतात. माठाचे पाणी असल्यास बर्फाची वाट पाहू नये.

दोन सूचना, आणि त्या आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पन्हे पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. पूर्वी पितळी पातेल्यांना कल्हई असे. आता शोभेसाठी माळ्यावरून काढलेल्या भांड्यांची कल्हई केव्हाच गेलेली असते, आणि आंबट पदार्थ त्यात कळकतो. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील उत्तम. दुसरे, गूळ पिवळाधमक दिसला म्हणजे चांगला, हा समज सोडावा. पुष्कळदा तो रंग रसायनाने आणलेला असतो. उसाची मळी भेंडीच्या चिकाने काढून केलेला गूळ बहुधा तांबूस-तपकिरी असतो, त्याचे पन्हेही त्याच रंगाचे होते. ते तसेच असू द्यावे. त्याला हिरवा रंग घालून ‘कैरीचे दिसावे’ अशी खटपट करणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते; कैरीचा गर शिजल्यावर हिरवा राहत नाही, हे स्वयंपाकघरात एकदा जाऊन आलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

एवढे झाल्यावर पेला कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न उरतो. आणि आमच्या मते तो गूळ की साखर यापेक्षा मोठा आहे. हळदीकुंकू सवाष्णींचे. बाहेरच्या खोलीत कुंकू लागते, ओट्या भरतात, पेले फिरतात. आणि आत स्वयंपाकघरात ज्या सासूबाईंनी अथवा आत्याबाईंनी सकाळपासून कैऱ्या कोळल्या, डाळ वाटली, त्या विधवा म्हणून दाराआड उभ्या असतात. सर्व आटोपल्यावर उरलेले पन्हे त्यांना मिळते, कधी आठवणीने, कधी विसरून. आपल्या कितीतरी घरांत हे दृश्य इतके नेहमीचे आहे की, त्यात काही खटकण्यासारखे आहे हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांचे कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव गावाने केला, पण दाराआडची बाई पुढच्या खोलीत आणण्याचे काम घराचे आहे. ज्यांना कुंकवाविषयी धर्मशास्त्राची अडचण वाटते त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. पण पन्ह्यात अडचण कोठे आहे? चैत्राच्या उन्हाने सुकलेला घसा सौभाग्य-वैधव्य जाणत नाही. ज्यांनी पन्हे केले त्यांना गौरीसमोर पाटावर बसवून पहिला पेला द्यावा. गौर यामुळे रागावेल असे ज्यांना वाटते, त्यांची गौर आमच्या परिचयाची नाही.

याच महिन्यात पाणपोया घालण्याची आणि अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करण्याची चाल आहे. तहानलेल्याला पाणी देणे हे या ऋतूतले मोठे पुण्य, असे आपले पूर्वज मानीत. तेव्हा हळदीकुंकवाच्या दिवशी चार पेले जास्तीचे करावेत. इमारतीचा रखवालदार, कचरा नेणारी बाई, भर दुपारी चार जिने चढून सामान पोचविणारा मुलगा, यांना घरातील उरलेसुरले नव्हे, त्याच पातेल्यातले, त्याच पेल्यातले द्यावे. दोन कैऱ्या अधिक उकडल्याने कोणाचे घर बसत नाही.

गर आणि गुळाचे मिश्रण पाणी न घालता कोरड्या काचेच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवले तर कित्येक दिवस टिकते. ओला चमचा मात्र घालू नये, नाहीतर ते फसफसते. अक्षय्य तृतीयेला गौर पाळण्यातून उठेपर्यंत ही बरणी पुरवून वापरावी. त्यानंतर आमरसाची वाटी पानात येते आणि पन्ह्याची आठवण पुढच्या चैत्रापर्यंत कोणाला राहत नाही.