नकाराचा हक्क

व्यवहारात गिऱ्हाइकाच्या मौनाचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या चर्चेचा वाटतो. परंतु आज तो रिसोड, मानोरा आणि मंगरूळपीरच्या शेतमजुरांच्या बँकखात्यांपर्यंत येऊन पोचला आहे. नियतकालिकांची वर्गणी मनिऑर्डरने पाठवली जात असे तेव्हा याचे उत्तर सरळ होते. मुदत संपली आणि पैसे आले नाहीत, की अंक बंद होई. वर्गणीदार गप्प राहिला याचा अर्थ त्याला अंक नको आहे, असाच घेतला जाई. मोबाइलवरील वर्गणीने हा अर्थ नेमका उलटा केला. आता गप्प राहणे म्हणजे होकार. नकार मात्र शोधून काढावा लागतो, पुनःपुन्हा उच्चारावा लागतो आणि कित्येकदा सिद्धही करावा लागतो.

हे घडते कसे? चित्रपट, गाणी, इंग्रजी संभाषण, स्पर्धापरीक्षांचे वर्ग, भविष्यकथन अशा नाना सेवा एक-दोन रुपयांत काही दिवस वापरून पाहण्याचे आमंत्रण येते. रक्कम क्षुल्लक म्हणून माणूस यूपीआयचा पिन टाकतो. वस्तुतः त्या एका कृतीने तो दरमहा खात्यातून पैसे काढण्याची परवानगी देऊन बसलेला असतो. यूपीआयवर ही 'ऑटोपे'ची सोय जुलै 2020 मध्ये आली. सेवा घेण्याचे बटण ठळक आणि एकच असते. सोडण्याचे बटण चार पडद्यांआड, फिक्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. तेथवर पोचलेल्याला 'खरेच जाणार?' असे विचारले जाते, सवलतीचे आमिष दाखवले जाते, कारणे मागितली जातात. कंटाळून तो ॲपच काढून टाकतो आणि सुटलो असे समजतो; पण ॲप गेले तरी खात्यावरची परवानगी जिवंतच राहते.

महिना 299 रुपये म्हणजे काही फार नव्हे, असे शहरातील सुखवस्तू माणूस म्हणेल. महाराष्ट्रात रोजगार हमीची 2025-26 सालची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. म्हणजे विसरलेल्या एका वर्गणीपायी मजुराचा महिन्यातला जवळजवळ एक दिवस कोणा दूरच्या कंपनीच्या वेठीस जातो. वाशिम हा नीती आयोगाने 2018 साली 'आकांक्षित' ठरवलेल्या जिल्ह्यांपैकी एक. येथील बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हाती रोकड येते ती सोयाबीन निघाल्यावर; एरवी खात्यातील शे-दोनशे रुपयांवर घर चालते. अशा खात्यातून न मागता गेलेली रक्कम लहान नसते.

ही युक्ती जिल्ह्याला नवी नाही. इंटरनेट घरोघर पोचण्यापूर्वी चुकून एक कळ दाबली गेली की कॉलर ट्यून किंवा क्रिकेटची खबर सुरू होई आणि रिचार्जचे पैसे झिरपत राहत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला जुलै 2013 मध्ये अशा सेवांसाठी दुहेरी संमती सक्तीची करावी लागली आणि त्या बंद करण्यासाठी 155223 हा एकच क्रमांक ठरवून द्यावा लागला. सरकारही या पद्धतीपासून अलिप्त नाही. पंतप्रधान पीक विमा योजना 2020 साली ऐच्छिक झाली. तथापि कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी त्याने बँकेला तसे लिहून द्यावयाचे, अन्यथा हप्ता कापला जाणार. विम्यामागे निदान सार्वजनिक हेतू आहे, असे म्हणता येते. करमणुकीच्या ॲपला तेवढीही सबब नाही.

स्वयंचलित भरणा मुळातच वाईट, असे कोणी म्हणणार नाही. वीजबिल, कर्जाचा हप्ता, आवर्ती ठेव यांना त्याचा उपयोगच होतो. आक्षेप आहे तो विसरण्यावर नफा उभारण्याला. आयनाव, क्लोपॅक आणि महोनी या अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी 2023 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बँकेचे कार्ड बदलल्यावर वर्गणी मुद्दाम नव्याने चालू करावी लागते. तेव्हा किती लोक ती सोडून देतात, हे त्यांनी तपासले. गिऱ्हाइकाच्या या जडतेमुळे विक्रेत्यांचे उत्पन्न सेवेनुसार 14 टक्क्यांपासून 200 टक्क्यांहूनही अधिक वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पाठ्यपुस्तकातील बाजारात नापसंत मालाचे गिऱ्हाईक तुटते आणि विक्रेता सुधारतो. बाहेरचे दारच बंद केले, तर सुधारण्याचे कारण उरत नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी अशा मुद्दाम रचलेल्या अडथळ्यांना 'गाळ' म्हटले आहे. पावसाळ्यात काळ्या रानात उतरलेल्याला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा गाळ किती जाणीवपूर्वक केला जातो, हे अमेरिकेतील एका खटल्यात दिसले. तेथील संघीय व्यापार आयोगाने जून 2023 मध्ये ॲमेझॉनवर फिर्याद केली. 'प्राइम' वर्गणी रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' हे नाव होते, असे त्या फिर्यादीत म्हटले आहे. हे ग्रीकांच्या प्रदीर्घ युद्धाच्या महाकाव्याचे नाव. सप्टेंबर 2025 मध्ये दोष मान्य न करता कंपनीने अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. जर्मनीत तर 1 जुलै 2022 पासून संकेतस्थळावर वर्गणी रद्द करण्याचे स्पष्ट बटण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

भारतात नियम नाहीत असे नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 साली पूर्णपणे अमलात आलेल्या व्यवस्थेनुसार पैसे कापण्यापूर्वी किमान 24 तास आधी सूचना द्यावी लागते आणि परवानगी मागे घेण्याची सोयही ठेवावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 13 प्रकारच्या 'डार्क पॅटर्न'वर, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या मांडणीवर, बंदी घातली. वर्गणीचा सापळा हा त्यांपैकीच एक. परंतु जून 2025 मध्ये अंमलबजावणीसाठी प्राधिकरणाने काय केले? कंपन्यांनी तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करावी, असा सल्ला दिला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार होय. आणि 24 तास आधीची सूचना डझनभर जाहिरातींच्या संदेशांत इंग्रजीतून येऊन पडत असेल, तर तिने कायद्याचे समाधान होईल, गिऱ्हाइकाचे नाही.

म्हणून मागण्या साध्या आणि निश्चित हव्यात. जितक्या कळा दाबून सेवा घेता येते तितक्याच कळांत, आणि मराठीतून, ती सोडता आली पाहिजे. नमुन्याची मुदत संपताच पुन्हा स्पष्ट होकार घेतल्यावाचून पैसे कापू नयेत. तीन महिने सेवा वापरलीच गेली नसेल, तर वसुली आपोआप थांबावी. बँकेने पासबुकात जमाखर्चाबरोबर खात्यावर चालू असलेल्या सर्व परवानग्यांची यादी छापून द्यावी. ज्याच्याजवळ चांगला मोबाइल नाही किंवा ज्याला तो नीट वापरता येत नाही, त्याला शाखेत किंवा बँकमित्राकडे जाऊन त्यातील नकोशी परवानगी तेथल्या तेथे बंद करता यावी.

कायदे होतील तेव्हा होतील. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या स्त्रिया कायद्याची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे 299 रुपयांची एक तक्रार गेली तर कंपनी हसेल. कारंजा, मालेगाव, मानोऱ्याहून अशा शंभर तक्रारी गेल्या, तर तिला वकील पाठवावा लागेल. एकेका गिऱ्हाइकाच्या एकटेपणावरच हा धंदा उभा आहे. महाविद्यालयांतील तरुणांनी आपल्या गावात एक दिवस बसून लोकांच्या मोबाइलमधील चालू परवानग्या त्यांना दाखवाव्यात आणि नको असलेल्या त्यांच्याच हाताने बंद करवून घ्याव्यात. या कामाला निधी लागत नाही आणि शासननिर्णयाची वाटही पाहावी लागत नाही.