रेइश मागूशचा किल्ला कोणाचा?

गेल्या महिन्यात चार दिवस भाचीकडे म्हापशाला गेले होते. आम्हा सावंतवाडीकरांना म्हापसा म्हणजे शेजारघरच. तिथून एका सकाळी रेइश मागूशचा किल्ला पाहून आलो. फोटो काढले आणि संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. तासाभरात पुण्याच्या पुतण्याने लिहिले, "काकू, आपले एवढे किल्ले सोडून फिरंग्यांचा किल्ला कशाला? गुलामीची खूण ती. ६१ सालीच पाडून टाकायला हवी होती." त्याखाली सात-आठ जणांचे अंगठे!

ग्रुपवर मी काही उत्तर दिले नाही. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईला तीन ओळींत उत्तर देण्याची सवय नसते. शिवाय पुतण्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. अनेकांच्या मनात तो असतो, फक्त तो बोलून दाखवतो. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी किल्ला कुठे आहे ते सांगते. म्हापशाहून गाडीने थेट जाता येते, पण मी हट्टाने आधी पणजीला गेले आणि तिथून फेरीबोटीने मांडवी ओलांडून बेतीला उतरले. भाची म्हणाली, "मावशी, हा उलटा घास झाला." झाला खरा, पण हा किल्ला नदीसाठी बांधलेला आहे, तेव्हा नदीतूनच त्याच्याकडे जावे असे माझे मत. बेतीहून नदीच्या काठाकाठाने वेरेंकडे रस्ता जातो. वाटेत मासेमारीच्या होड्या, कौलारू घरे, माड, मग नौदलाचे आयएनएस मांडवी. पुढे नदी समुद्राला मिळायच्या थोडे आधी उजव्या हाताला टेकडी लागते. पायथ्याशी पांढरेशुभ्र चर्च आणि वर जांभ्या दगडाची तटबंदी.

तटावरून पाहिले की किल्ला इथेच का, ते न सांगता कळते. समुद्रातून आलेल्या जहाजाला जुन्या गोव्याकडे जायचे तर याच चिंचोळ्या पाण्यातून जावे लागे. एका काठावर रेइश मागूश आणि समोर, आजच्या मिरामारच्या बाजूला, गास्पार दियाशचा किल्ला. दोन्हीकडून तोफा. मुखाशी पुढे आग्वाद होताच. वर्गात फळ्यावर नकाशा काढून जे अर्ध्या तासात समजावता येत नाही, ते इथे दोन मिनिटांत समजते.

इतिहास थोडक्यात असा. या जागी आधी आदिलशाहीची चौकी होती. १५५१ साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि १७०७च्या सुमारास त्याची मोठी पुनर्बांधणी केली. लिस्बनहून आलेले व्हाइसरॉय राजधानीत जाण्याआधी इथे मुक्काम करीत. पुढे १७९८ ते १८१३ या काळात इंग्रजांची फौज येऊन राहिली. नंतर त्याचा तुरुंग झाला आणि तो थेट १९९३पर्यंत तुरुंगच होता. कैदी हलवल्यावर बरीच वर्षे किल्ला रिकामा पडून राहिला. मग हेलन हॅम्लिन ट्रस्ट ही ब्रिटनमधली संस्था, आपली इन्टॅक आणि गोवा सरकार यांनी मिळून तो दुरुस्त केला. वास्तुविशारद होते जेरार्ड द कुन्हा. २०१२ पासून तो लोकांना पाहायला खुला आहे. आत मारियो मिरांडांच्या चित्रांचे दालन आहे. त्यांची ती गजबजलेली, गोबऱ्या माणसांची चित्रे पाहताना आमच्यातली लहान मुले अर्धा तास हलली नाहीत.

आता मुख्य मुद्दा. हा किल्ला परक्यांचा म्हणायचा तर कोणत्या अर्थाने?

बांधला परक्यांनी, हे खरे. पण जांभा इथल्या मातीतला. तो तोडणारे, वाहणारे, रचणारे हात सगळे काही लिस्बनहून आले नसणार. चर्चच्या पायऱ्यांपाशी दगडात कोरलेले सिंह आहेत. ते आधीच्या देवळाचे असावेत असे मानतात. ते पाहून मी बराच वेळ उभी राहिले. सोळाव्या शतकात गोव्यातली देवळे पाडली गेली आणि लोकांनी आपले देव उचलून नदीपार नेले, हे आपण वाचतो. कुठ्ठाळीचा मंगेश १५६०च्या सुमारास प्रियोळला गेला तो असाच. वाचलेले एक आणि चर्चच्या पायरीशी बसलेला सिंह डोळ्यांनी पाहणे एक. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे पाडून टाकले असते, तर त्याबरोबर हा सिंहही गेला असता. अन्याय झाला होता हे सांगणारा पुरावाच आपण आपल्या हाताने नाहीसा केला असता.

दुसरी गोष्ट आम्हा वाडीकरांच्या जिव्हाळ्याची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. त्याच साली पेशव्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या होत्या आणि वाडीकर भोसल्यांनी बार्देश घेतला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सगळा बार्देश मराठ्यांच्या हाती आला, राहिले फक्त दोन किल्ले: आग्वाद आणि रेइश मागूश. ते पडले नाहीत. दोन वर्षांत पोर्तुगालहून कुमक आली आणि बार्देश परत गेला. आता तटावर उभे राहून खाली पाहा. जमिनीकडून टेकडीचा चढ आणि नदीकडून रसद आणायला मोकळी वाट. हे दोन किल्ले का पडले नसतील याचा विचार तिथे आपोआप मनात येतो. आपल्या पुस्तकांत आपण जिंकलेल्या किल्ल्यांना पानेच्या पाने असतात, न जिंकता आलेल्यांना एक ओळही मिळत नाही. विद्यार्थ्याला मात्र दुसऱ्या प्रकारचा किल्लाही दाखवायला हवा. आपण कुठे कमी पडलो हे कळल्याशिवाय वसईच्या विजयाची किंमतही कळत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुतण्या गुलामीची खूण म्हणतो ती गुलामी ज्यांनी मोडली, त्यांच्यापैकी कितीतरी जण याच भिंतींच्या आत बसले होते. पोर्तुगीजांनी रेइश मागूश आणि आग्वाद दोन्हींत स्वातंत्र्यसैनिकांना डांबले. १९५५ साली नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये सत्याग्रहासाठी गोव्यात शिरले. त्यांना दहा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि १९५७मध्ये सुटका होईपर्यंत ही मंडळी तुरुंगात होती. त्याच १९५५च्या १५ ऑगस्टला आमच्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी तेव्हा पाच वर्षांची. मला स्वतःला काही आठवत नाही, पण आई सांगायची की त्या दिवसांत वाडीतल्या घराघरांतून भाकऱ्या बांधून जात होत्या. कोण कुठला, बंगालचा की पंजाबचा, कोणी विचारत नव्हते.

आणि आता नदीकाठचीच एक हकीकत. १८ डिसेंबर १९६१च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला पोहोचले. मी फेरीबोटीने उतरले तो हाच काठ. समोर पणजी, मध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर पाणी. आग्वादमध्ये भारताच्या बाजूचे कैदी अडकले आहेत अशी खबर मिळाली, तेव्हा मेजर शिवदेवसिंग सिद्धू काही शिपाई घेऊन त्यांना सोडवायला निघाले. आतल्या पोर्तुगीज शिबंदीला शरणागतीचा हुकूम अजून मिळाला नव्हता. त्यांनी गोळीबार केला आणि मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल तिथे कामी आले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. आमच्या शाळेत पेढे वाटले, ते मात्र मला चांगले आठवते. पेढा खाताना आम्हा मुलांना या दोघांची नावे कोणी सांगितली नव्हती. मलाही ती फार पुढे, शिक्षिका झाल्यावर वाचायला मिळाली.

ज्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला आपले दोन अधिकारी प्राण देतात, तो किल्ला परक्यांचा कसा राहील? बांधणाऱ्याचा हक्क त्यावर होता तितकाच, किंबहुना अधिक, आत कोंडलेल्यांचा आहे. आग्वादला जे लागू, तेच रेइश मागूशला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला पूर्ण मान्य नसला तरी समजतो. आपले सिंधुदुर्ग, विजयदुर्ग डागडुजीची वाट पाहत असताना फिरंग्यांच्या किल्ल्यावर खर्च कशाला? जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात हे दोन्ही आहेत. आनंदच झाला. पण मान मिळाल्याने तट आपोआप सांधला जात नाही. रेइश मागूशला पैसा आणि पुढाकार परदेशातल्या संस्थेने दिला म्हणून नाके मुरडणाऱ्यांना मी एवढेच विचारते, आपण कुठल्या किल्ल्यासाठी वर्गणी काढली? तिथले काम पाहून मला हेवा वाटला, राग नाही. जांभ्याला जांभाच लावला आहे, रंगरंगोटी नाही, तटावर खाद्यपदार्थांच्या गाड्या नाहीत. असे काम आपल्या किल्ल्यांवर व्हावे अशी मागणी करायला रेइश मागूश हे उत्तम उदाहरण आहे. ते पाडून हातात काय येणार?

काय येणार ते समोरच्या काठावर दिसते. गास्पार दियाशचा किल्ला आज नाही. मिरामारला संध्याकाळी फिरणाऱ्या दहा जणांना विचारा, तो कुठे होता हे एखादाच सांगेल. त्याच्या जाण्याने पोर्तुगीजांचे काय बिघडले? बिघडले ते आपल्या मुलांचे. तटावर उभ्या असलेल्या मुलाला मला "समोर बघ, तिथे जोडीचा किल्ला होता" एवढे तोंडाने सांगावे लागते, दाखवायला काही नाही.

मात्र जपणे म्हणजे नुसता दगड जपणे असेल, तर पुतण्याच्या रागात थोडे तथ्य आहे, हेही लिहिले पाहिजे. आम्ही गेलो त्या दिवशी बहुतेक मंडळी बुरुजावरच्या गोल टेहळणी-घुमटीत उभे राहून सेल्फी काढत होती. पाठीमागे निळी नदी आणि पलीकडे पणजी. फोटो सुंदर येतो, त्यात वाद नाही. स्वातंत्र्यसैनिकांची माहिती लावलेल्या दालनात मात्र आम्ही आणि एक केरळचे जोडपे, एवढेच होतो. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात. अंधार पडला की नदीवर त्यांचेच दिवे दिसतात. पर्यटकाला गोवा तेवढाच माहीत होऊन तो परत जातो. नदीकाठ असा नुसत्या करमणुकीचा होत गेला, तर उद्या किल्लाही फोटोची पार्श्वभूमी म्हणूनच उरेल आणि मग त्याला गुलामीची खूण म्हटले तरी उत्तर देणारा कोणी नसेल.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती प्रामुख्याने आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी आहे. सहल गोव्याला जातेच. मंगेशी, जुने गोवे, मिरामार आणि परत, हा ठरलेला रस्ता. त्यातला मिरामारचा एक तास कमी करा. पणजीच्या धक्क्यावर मुलांना बसमधून उतरवा आणि फेरीबोटीत घाला. बस पुलावरून फिरून बेतीला येईल. बोटीत १८ डिसेंबरची हकीकत सांगा. चर्चच्या पायरीवरचे सिंह दाखवा आणि ते तिथे कसे आले असतील हे मुलांनाच विचारा. सहा जानेवारीच्या सुमारास गेलात तर तिथले तीन राजांचे फेस्तही कळेल. गावातलेच तीन मुलगे राजे होऊन मिरवतात. चर्च सोळाव्या शतकातले असले तरी ते फेस्त आजच्या वेरेंकरांचे आहे, हेही मुलांना दिसू दे. वर तटावर गेल्यावर वह्या काढून नदीचा नकाशा काढायला लावा. आणि उतरण्याआधी त्या स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनात दहा मिनिटे गप्प बसवा. सातवी-आठवीची मुले गप्प बसतात, माझा अनुभव आहे. त्यांना का गप्प बसायचे ते नीट सांगितले पाहिजे, एवढेच.

ज्यांना जिने चढायला त्रास होतो त्यांच्यासाठी सांगते, चढ मोठा नाही. मी पंच्याहत्तरीत काठी घेऊन दोनदा थांबून गेले. सकाळी लवकर जावे, जांभा दहानंतर फार तापतो.

तुमच्या गावाजवळ असा दुसऱ्यांनी बांधलेला, पण आपल्या माणसांनी सोसलेला किल्ला, वाडा किंवा तुरुंग असेल तर जरूर लिहून कळवा. तिथे आत कोण बसले होते त्यांची नावे माहीत असतील, तर तीही लिहा.